मेरेतबाईंना वाढलेलं पान

अत्यंत गंभीर आणि जाहीर निवेदन! सर्व संबंधितांना, म्हणजे ज्यांना ज्यांना नाक आहे अशा सर्वांना, कळवण्यात येते की इजिप्तमधल्या एका बाईंना, त्या वारल्याला सुमारे चार हजार वर्षं उलटून गेल्यावर, एका रविवारी दुपारी, इंग्लंडमधल्या बर्कशायर परगण्यात, आमच्या आत्याने साग्रसंगीत जेवायला वाढलं. आणि त्या जेवल्या.

निवेदन संपलं. आता नीट बसा, सांगते.

या सदरात जो येतो तो आधी शपथेवर सांगतो की ‘माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता’. मीही तेच सांगणार आहे, फक्त माझं खरं आहे! पुण्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एक पिंपळ होता. तिन्हीसांजेला लोक त्याला वळसा घालून जायचे आणि मी त्याच्याच पारावर बसून कॉलेजच्या परीक्षेचा अभ्यास करायचे. नापास झाले ती स्वतःच्या हिमतीवर, पिंपळाने त्यात काडीचीही मदत केली नाही. तर अशी मी. आणि माझ्याहून वरताण आमचे विनायकराव, म्हणजे माझा नवरा. बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस. घरात दिवे गेले तरी आधी ‘का गेले’ याचा विचार करणार आणि मग मेणबत्ती शोधणार.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही बर्कशायरमधल्या मेडनहेडला राहायचो. विनायकराव, मी आणि दोन वर्षांपासून माझी कुसुमआत्या. आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. पुण्यात पेठेत आयुष्यभर खानावळ चालवली, शेकडो पोरांना जेवू घातलं आणि त्या पैशांतून मला शिकवलं. तिच्या नाकाबद्दल काय सांगू! आमटी गॅसवर, मी ओट्यापाशी, आणि ही बाई बाहेर चपला काढता काढता ओरडायची, “शुभे, मीठ विसरलीस!” मिठाला वास नसतो, असं विनायकरावांनी तिला एकदा शास्त्रीय पद्धतीने समजावलं होतं. ती म्हणाली, “मिठाला नसतो हो, पण न घातलेल्या मिठाला असतो.”

ती मेडनहेडला आली आणि आमच्या घराला घरपण आलं. इथे राहणाऱ्यांना सांगायला नकोच... फोडणीआधी सगळे कोट माडीवरच्या खोलीत नेऊन दार घट्ट लावायचं, नाहीतर सोमवारी ट्रेनमध्ये शेजारची सीट रिकामी मिळते! महिन्यातून एकदा लंडनच्या ईलिंगला जाऊन हिंगाचा डबा आणायचा, हाही आत्यानेच घातलेला पायंडा.

आणि मग त्या हिवाळ्यात आत्याला फ्लू झाला. ताप उतरला, खोकला गेला आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. वास नाही, चव नाही. “सगळं पुठ्ठ्यासारखं लागतंय गं,” म्हणायची. आमचा जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, भला माणूस होता. तो म्हणाला, येईल परत, किंवा येणार नाही, सांगता येत नाही. हे त्याने खूप गोड आवाजात सांगितलं, पण अर्थ तोच राहिला.

आत्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकणं बंद केलं. “चव न कळता स्वयंपाक करायचा म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडायचा,” म्हणाली. मी केलेलं दोन घास खायची, तेही माझं मन राखायला. नेसताना साडीला एक निरी जास्त पडायला लागली. आणि एके दिवशी तिने विनायकरावांकडून परतीचं तिकीट काढून घेतलं. “पुण्याला जाऊन निदान आठवणीने तरी जेवेन,” म्हणाली. मला भीती वेगळीच होती. तिथे तिच्या समोर ताट घेऊन बसणारं कोण होतं? माझ्या डोळ्यांसमोर जी बाई दोन घास खात होती, ती तिथे एकटी किती खाणार? पण तिकीट आलं होतं आणि बॅग पलंगाखालून बाहेर निघाली होती.

अशात एका रविवारी आमचा बॉयलर बंद पडला. घरात इतकी थंडी की खोबरेल तेलाचा दगड झालेला! दुरुस्तीवाला सोमवारशिवाय येईना. तेव्हा विनायकरावांनी शास्त्रीय प्रश्न विचारला, “रविवारी उबदार आणि फुकट असं काय असतं?” उत्तर होतं, म्युझियम. जवळच्याच एका गावात लायब्ररीच्या वर एक छोटं म्युझियम होतं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्ही डबे घेऊन जाल. कोणे एके काळी त्या गावचा एक लष्करी साहेब इजिप्तमध्ये नोकरीला होता. येताना त्याने ट्रंका भरभरून वस्तू आणल्या आणि त्या म्हातारपणी गावाला देऊन टाकल्या. त्या काळी साहेबलोक असं बिनदिक्कत करायचे, तो विषय वेगळा.

इजिप्तच्या खोलीत आम्ही तिघं आणि चौथ्या मिसेस हॉबडे. या तिथल्या व्हॉलंटिअर. सत्तरीच्या, ठेंगण्या, जांभळ्या कार्डिगनवर भुंग्याच्या आकाराची पिन. रिटायर झाल्यावर ईव्हनिंग क्लासला जाऊन चित्रलिपी शिकलेल्या! बाहेर एवढा पाऊस असूनही कोणीतरी आलंय, या आनंदात त्यांनी आम्हाला मिठी मारायचीच काय ती बाकी ठेवली.

भिंतीला लावलेल्या, काचेआडच्या एका चुनखडीच्या दगडापाशी आत्या थांबली. साधारण पोळपाटाच्या दुप्पट आकाराचा असेल. त्यावर कोरलेली एक बाई, सडपातळ, अंगाला घट्ट वस्त्र, एका हातात कमळ धरून त्याचा वास घेतेय. समोर मेज, त्यावर खाण्याच्या पदार्थांचा ढीग.

“बघ,” आत्या म्हणाली, “हिला फुलाचा वास येतोय.”

मला गलबलून आलं. मी घाईघाईने मिसेस हॉबडेंना विचारलं, ही कोण? त्या खुलल्याच. ही मेरेत. चार हजार वर्षांपूर्वीची. हा तिच्या थडग्यातला दगड. इजिप्तमध्ये माणूस मेला तरी त्याला भूक लागते, अशी समजूत. सुरुवातीला घरची माणसं येऊन अन्न ठेवायची. पण नातवंडं, पतवंडं... पुढे कोण आठवण ठेवणार? म्हणून हे लोक दगडावरच लिहून ठेवत : हे वाटसरू, तू जो इथून चालला आहेस, माझं नाव घे आणि माझ्यासाठी एक हजार भाकरी आणि एक हजार बिअर असं मोठ्याने म्हण. तुझं काही खर्च होत नाही, तोंडची वाफ तेवढी जाते. पण तू म्हणालास की ते मला मिळतं. फेरो आले, गेले, देव बदलले, परकी राज्यं आली, तरी ही रीत त्या देशात दोन हजार वर्षांहून जास्त टिकली.

मी आत्याला सगळं मराठीत सांगितलं. “तिचं नाव घ्यायचं असतं,” म्हटलं.

“नाव? उखाण्यात?”

“नाही गं, साधंच.”

“आणि हजार बिअर? एकट्या बाईला?”

“तिकडे बिअर म्हणजे आपलं ताक समज.”

आत्या चष्मा वर करून मेजाकडे बघू लागली. आता खरी कसोटी माझी होती, कारण त्या मेजावर सर्वांत वर कापलेली बैलाची तंगडी होती!

“हे काय? दुधी का?”

“दुधी,” मी म्हणाले. विनायकराव एकदम भिंतीकडे तोंड करून खोकायला लागले.

“आणि हे बदक?”

“पाळलेलं आहे. असंच येऊन बसलंय.”

“आणि हे...” तिचं बोट काचेवर थांबलं. हिरव्या पातींच्या जुड्या होत्या. “शुभे, हा कांदा आहे.”

कांद्याला मी तरी काय करणार! कांदा हा कांद्यासारखाच दिसत होता. मी मान हलवली.

“मेलेल्या माणसाच्या नैवेद्याला कांदा?” आत्या खानावळीच्या मूळ आवाजात कडाडली. “चार हजार वर्षं या बाईला नैवेद्यात कांदा वाढताय? कोणीच काही बोललं नाही? विचार त्यांना!”

विचारलं. मिसेस हॉबडे अगदी ओशाळल्या, जणू कांदा त्यांनीच ठेवला होता. म्हणाल्या, कांदा त्यांच्याकडे फार मानाचा होता. आत्याचं समाधान झालं नाही. तिने पुढचा प्रश्न विचारला, “हिला मुलंबाळं?”

मिसेस हॉबडेंनी काचेवरून बोट फिरवत एकेक ओळ वाचली. “नाही. एरवी मुलांची नावं असतात. इथे कोणाचंच नाही.”

आत्याने त्या कमळवाल्या बाईकडे पुन्हा एकदा बघितलं. मग पदर खोचला.

“सरका दोघं. हिला मी वाढते.”

“आत्या, इथे खाणं अलाउड नाही...”

“तोंडची वाफच द्यायची आहे ना? मग ताटही वाफेचं आणि पाणीही वाफेचंच.” तिने त्या दगडासमोर हवेतच बोटाने चौकोन काढला, पाणी फिरवल्यासारखं. आणि सुरू झाली. मोठ्याने, स्वच्छ, जशी पंगतीत वाढप्यांना सूचना द्यायची तशी.

“मेरेतबाई, बसा. वर मधोमध मीठ. डाव्या हाताला लिंबाची फोड. त्याखाली खोबऱ्याची चटणी. मग काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून. उजव्या हाताला बटाट्याची भाजी, कांदा न घालता. होते छान, बघाच तुम्ही. अळूची भाजी. आता भाताची मूद. आंबेमोहोर आहे. वरण, हिंग जरासा पुढे. आणि वर साजूक तूप, कढवलेलं, कणीदार.” इथे तिने हात असा वळवला की चमच्यातून धार पडलेली मला दिसली. मग हात जोडून म्हणाली, “घाई नाही. सावकाश होऊ द्या.”

वाचकहो... इथे मी एक क्षण थांबते. माझी सवय आहे ती.

वास आला.

पहिल्यांदा मला वाटलं, मला भास होतोय. इतके आठवडे मी त्या वासाला आसुसले होते. पण विनायकरावांच्या पोटातून असा आवाज आला की ममीने कूस बदलली असं वाटावं. ते पुटपुटले, “आत्यांच्या हातचं वरण...” आणि बोलल्याबरोबर स्वतःच दचकले.

मिसेस हॉबडे पुढे आल्या. “एक्स्क्यूज मी, तुम्ही काही खायला आणलंय का? सॉरी हं, पण नियम आहे...”

आम्ही रिकामे हात दाखवले. कोट तर खाली क्लोकरूममध्ये होते. त्यांनी नाक वर केलं आणि डोळे मिटून, वाइनचा घोट घ्यावा तसा, तो वास घेतला. “बटर. पण थोडं भाजलेलं, नटी... लेमन... आणि आणखी काहीतरी. कसं सांगू? आय ॲम सो सॉरी, पण ड्रेन्स! गटारात लीक्सची पात शिजवल्यासारखं.” मग घाईने पुढे म्हणाल्या, “पण फार चांगलं गटार हं. चांगल्या घरचं.”

हिंग! जन्मात हिंगाचं नाव न ऐकलेल्या बाईने हिंगाचं इतकं अचूक वर्णन केलेलं मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

मी आनंदाने आत्याकडे वळले. आणि माझा आनंद तिथेच मावळला. आत्या आम्हा तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

“काय झालं? कसला वास?”

“वरणभाताचा! तुपाचा! आत्या, तू वाढलंस त्याचा!”

तिने दीर्घ श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग हळूच मान हलवली. “मला नाही येत गं.”

सगळ्यांना वास येतोय आणि जिने वाढलं तिलाच नाही! त्या क्षणी मला मेरेतबाईंचा भयंकर राग आला. खुशाल जेवताय, आणि वाढणारीकडे बघतही नाही?

“चल, जाऊ या,” आत्या म्हणाली. वळली. दोन पावलं टाकली आणि दारात ठेच लागल्यासारखी थांबली.

“भाकरी,” ती म्हणाली.

“काय?”

“भाकरीचा वास येतोय. ज्वारीची नाही. जाड, चुलीतली, बाहेरून करपलेली आणि जराशी आंबूस.” तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या. “आणि कांदा. कच्चा, मुठीने फोडलेला...”

आम्ही तिघांनी छात्या फुटेस्तोवर श्वास घेतले. भाकरी नाही, कांदा नाही. आम्हाला अजून तुपाचा आणि हिंगाचाच वास येत होता. मी मिसेस हॉबडेंना सांगितलं तर त्या मटकन खुर्चीत बसल्या. इजिप्तची भाकरी आंबूसच असायची म्हणे, भाकरी आणि बिअर एकाच आंबवणाने करायचे. हे त्यांनी आम्हाला सांगितलेलं नव्हतं.

आत्या मात्र शांत होती. जणू यात काही विशेष नाही. “असं काय बघताय? शेजारणीचं भांडं आपण कधी रिकामं परत करतो का? तिनेही नाही केलं. घरात होतं ते घालून पाठवलं.” आणि मग दगडाकडे बघून, जरा नाइलाजाने, “कांदा तर कांदा.”

मग दोन्ही वास गेले. कोणीतरी ताट उचलून आत नेल्यासारखे, एकदम.

आता तुम्ही म्हणाल, शुभाताई, स्पष्टीकरण? विनायकराव त्या खोलीत गुडघ्यांवर रांगून रेडिएटर हुंगत फिरले. चहाची खोली हिवाळ्यात बंद असायची. खालच्या लायब्ररीला रविवारी कुलूप. कोटांना फोडणीचा वास म्हणावा, तर कोट खाली, आणि घरात हिंगाचा डबा कित्येक आठवडे उघडलेला नाही. तिघांना एकच भास? त्यात एक जण बर्कशायरची, जिला हिंग म्हणजे काय हेच माहीत नाही? इतकी वर्षं झाली, मी डॉक्टरांना विचारलं, प्रोफेसरांना विचारलं, ईलिंगच्या एका ज्योतिषालाही विचारलं. त्याने मला शनीची अंगठी घ्यायला लावायचा प्रयत्न केला. उत्तर कोणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही. असलं तर कळवा, जेवायला बोलावते.

पण त्या दुपारी मला स्पष्टीकरण नकोच होतं. मला एवढंच हवं होतं की आत्याचं नाक परत आलंय का? क्लोकरूममध्ये मी पर्समधली पेपरमिंटची गोळी चुरडून तिच्या नाकाखाली धरली.

“काय आहे?”

तिने वास घेतला. थांबली. “कळत नाही गं. काही नाही बहुतेक.”

म्हणजे तो भाकरीचा वास एकदाच आला आणि गेला! मिसेस हॉबडे दारापर्यंत आल्या, त्यांनी आत्याचे दोन्ही हात हातात घेतले, काहीतरी म्हणाल्या, मी ऐकलंच नाही. बाहेर धो धो पाऊस. कार पार्क ओलांडताना विनायकरावांचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत डबक्यात गेले. गाडीत बसल्यावर त्यांनी बूट काढले, मोजे पिळले आणि समोर हीटरच्या झडपेवर वाळत घातले. पंखा फुल्ल. खिडक्या बंद. काचांवर धुकं.

“व्हेंटिलेशन असणार,” मोटरवेला लागताना ते म्हणाले. “एखादी जुनी पाइपलाइन...”

“हिंगाची पाइपलाइन?”

“मी शक्यता सांगतोय.”

“त्या शक्यतेला माझ्या आत्याचं नाक परत आण म्हणावं,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. मागच्या सीटवर आत्या डोळे मिटून बसली होती, मांडीवर हात, वाढून थकलेली. दोन आठवड्यांनी तिचं विमान. मी रुमाल शोधत होते. विनायकराव बिचारे माझ्या खांद्यावर थोपटायचं की गिअर बदलायचा, या पेचात. गाडी छान गरम झाली होती.

इथे एक सांगायला हवं. आत्या विनायकरावांशी दोन वर्षांत कधी अहो-जाहो सोडून, किंवा आवाज चढवून, एक शब्द बोलली नव्हती. जावई म्हणजे जावई. त्यांच्या पानात पहिली पोळी, त्यांच्या चहात जास्त दूध, आणि चूक झाली तरी ती माझी.

अशी ती माझी आत्या मागच्या सीटवर ताडकन उठून बसली, पदर नाकावर दाबला आणि मोटरवेवरच्या गाड्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली :

“अगं बाई! जावईबापू, ते मोजे आहेत का मेलेली घूस?”